वाचकांचे प्रश्न : फुलांचा टिकाऊपणा तोडणीच्या आधी ठरतो

तोडलेली फुले कोणत्या पाण्यात ठेवावीत, हे विचारणारी पत्रे बारा महिने येतात. या वेळी घेतलेले प्रश्न त्याच्या आधीचे आहेत. दांडा झाडावर असताना खत, पाणी, हवा आणि फवारणी यांत काय केले, तर फूल फुलदाणीत जास्त दिवस उभे राहील? उपायांच्या महत्त्वाचा एक क्रम आम्ही धरला आहे : आधी हवा आणि पाणी, मग कॅल्शियम, आणि संजीवके, म्हणजे वाढ घडवणारी द्रव्ये, सर्वांत शेवटी. बहुतेक पत्रांमध्ये हाच क्रम उलटा दिसतो.

प्रश्न : आमचे १० गुंठ्यांचे जरबेराचे पॉलिहाऊस आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी फुले मान टाकतात, अशी मुंबईच्या व्यापाऱ्याची तक्रार आहे. कॅल्शियम क्लोराइड १० ग्रॅम प्रति लिटर घेऊन दोन फवारण्या केल्या. पानांच्या कडा करपल्या, पण मान मोडणे थांबले नाही. मात्रा वाढवावी का?
— जरबेरा उत्पादक, शिरोळ (जि. कोल्हापूर)

उत्तर : मात्रा वाढवू नका, उलट कमी करा. आधी मोडलेला एक दांडा हातात घेऊन पाहा. तो जवळपास नेहमी फुलाखाली १० ते १५ सेंटिमीटरवर वाकलेला दिसेल. दांड्याचा हा भाग सर्वांत शेवटी वाढतो. तोडणीच्या वेळी तो पुरता काष्ठमय झालेला नसतो, केवळ पेशींमधल्या पाण्याच्या दाबावर ताठ असतो. फुलदाणीत पाणी वर चढणे थोडे जरी कमी झाले, तरी पहिला लवतो तो हाच भाग. कॅल्शियम पेशींच्या भिंतीतील पेक्टिनला, म्हणजे पेशी जोडणाऱ्या चिकट पदार्थाला, बांधून ठेवते, म्हणून या भागाला त्याचा उपयोग होतो.

अडचण वेगळीच आहे. कॅल्शियम फक्त मुळांकडून वर जाणाऱ्या पाण्याबरोबर प्रवास करते. ज्या भागातून बाष्पीभवन जास्त तिकडे ते जास्त जाते, म्हणजे पानांकडे. कळी आणि तिचा दांडा यांच्या वाट्याला थोडेच येते. शिवाय पानात एकदा बसलेले कॅल्शियम तिथून हलत नाही. तुमची फवारणी पानांवर पडली आणि पानांतच राहिली. क्लोराइडची मात्रा जास्त असल्याने कडा करपल्या आणि दांड्याला काहीच मिळाले नाही.

म्हणून मुख्य पुरवठा ड्रीपमधूनच हवा. १० गुंठ्यांत सुमारे ६ हजार रोपे असतील, तर कॅल्शियम नायट्रेट आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी साधारण १ किलो सोडा. त्यातून जाणारे नत्र एकूण हिशेबात धरा आणि तेवढे दुसऱ्या खतातून कमी करा. ज्या दिवशी कॅल्शियम सोडाल त्या दिवशी ०:५२:३४, १२:६१:०, ०:०:५० (आकडे नत्र:स्फुरद:पालाशचे) ही विद्राव्य खते किंवा मॅग्नेशियम सल्फेट त्याच टाकीत घालू नका. फॉस्फेटबरोबर कॅल्शियम फॉस्फेट आणि सल्फेटबरोबर जिप्सम तयार होते. दोन्ही तळाशी बसतात आणि ड्रीपरच्या तोंडाशी पांढरा थर धरतात. पिकाला कॅल्शियम मिळत नाही आणि लॅटरलही, म्हणजे ड्रीपच्या नळ्याही, चोंदतात. विहिरीच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त असेल, तर कॅल्शियम चुन्याच्या रूपात बसते. अशा वेळी त्या दिवसाच्या पाण्याचा सामू (पीएच) नायट्रिक आम्लाने ६ ते ६.५ वर आणा. फॉस्फोरिक आम्ल त्या दिवशी चालणार नाही, कारण वर सांगितलेच आहे. आम्ल नेहमी पाण्यात ओतायचे, आम्लात पाणी कधीही नाही.

आणखी एक गोष्ट तपासा. फुलांना रंग यावा म्हणून पालाश भरपूर देण्याची पद्धत पडली आहे. पालाश, मॅग्नेशियम आणि अमोनियम हे तिन्ही मुळांजवळ कॅल्शियमशी स्पर्धा करतात. जरबेराला फुलांच्या काळात नत्र, स्फुरद, पालाश १५:८:३५ अशा प्रमाणात देतात. तेवढे पालाश पुरे आहे. त्यावर ०:०:५० चा वेगळा हप्ता चढवला, की जमिनीत कॅल्शियम असूनही झाडात उतरत नाही.

फवारणी पूरक म्हणून जरूर करा. कॅल्शियम क्लोराइड ३ ग्रॅम किंवा कॅल्शियम नायट्रेट ५ ग्रॅम प्रति लिटर, ८ दिवसांच्या अंतराने. वेळ सकाळची, तोडणी आटोपल्यावर लगेच. त्या वेळी उमललेली फुले बेडवर नसतात, त्यामुळे पाकळ्यांवर पांढरे डाग पडत नाहीत, आणि दुपारच्या आत सगळे सुकते. नोझल बारीक ठेवा आणि नेम पानांखालून वर येणाऱ्या कळ्या-दांड्यांवर धरा. गड्ड्यात, म्हणजे जमिनीलगत पाने फुटतात त्या भागात, पाणी साठेल इतके मारू नका, नाहीतर मान सुधारता सुधारता गड्डाकूज ओढवून घ्याल. बुरशीनाशक किंवा दुसरे खत यात मिसळू नका.

एवढे करूनही तक्रार राहिली, तर तोडणीच्या अवस्थेकडे बघा. मधल्या चकतीतील बाहेरच्या दोन-तीन ओळी उमलून पराग दिसू लागल्यावरच जरबेरा तोडायचा. भाव चढला की अनेक जण दोन दिवस आधी ओढतात. त्या दांड्याचा वरचा भाग कच्चाच असतो, त्याला कोणतीही फवारणी पिकवू शकत नाही. बाराही महिने ५० टक्क्यांची शेडनेट ताणून ठेवणे हेही एक कारण असते. दांडे उंच होतात, बाजारात लांबीचा भाव मिळतो, पण साखर कमी आणि मान बारीक. नेट सरकती ठेवा आणि कडक उन्हाच्या तासांपुरतीच ओढा. शेवटी, दांडा ओढून काढल्यावर त्याची टाच, म्हणजे बुडाचा २-३ सेंटिमीटरचा टणक भाग, कापला जातो का ते पाहा. तो राहिला तर पाणी चढतच नाही आणि दोष बिचाऱ्या कॅल्शियमवर येतो.

प्रश्न : दांडे जाड व्हावेत म्हणून पोटॅशियम सिलिकेट सुचवतात. द्यावे का? — जरबेरा उत्पादक, हातकणंगले

उत्तर : दांड्याची जाडी आणि ताठपणा यांवर सिलिकॉनचा चांगला परिणाम दिसतो. मात्र अति दिल्यास फुले वेडीवाकडी येतात, त्यामुळे लेबलवरची किमान मात्रा घेऊन दोन बेडवरच सुरुवात करा. द्रावण खूप अल्कधर्मी असते. टाकीत आधी पाणी, मग सिलिकेट, मग सामू खाली आणणे, हा क्रम ठेवा. कॅल्शियमबरोबर मिसळलेत तर टाकीत जेलीसारखा गाळ दिसेल.

प्रश्न : मावळात आमचे डच गुलाबाचे पॉलिहाऊस आहे. जानेवारी-फेब्रुवारीत तोडलेला ‘ताजमहाल’ ग्राहकाकडे आठ-नऊ दिवस टिकतो. जुलै ते सप्टेंबरमध्ये तोच वाण चौथ्या दिवशी मान टाकतो, आणि पाने तर फुलाआधी कुरकुरीत वाळतात. खते तीच, शीतगृह तेच. फरक कशाने पडतो?
— गुलाब उत्पादक, मावळ (जि. पुणे)

उत्तर : ‘पाने फुलाआधी कुरकुरीत वाळतात’ हे तुम्ही लिहिले, ते फार बरे झाले. निदान त्यातच आहे. पाण्याने भरलेल्या फुलदाणीत पान वाळते, याचा अर्थ पानातून पाणी बाहेर जाते आहे आणि पान ते थांबवू शकत नाही.

पानांवरची रंध्रे, म्हणजे वाफ बाहेर सोडणारी सूक्ष्म छिद्रे, अंधारात आणि पाणी कमी पडल्यावर मिटली पाहिजेत. पण पान लहानाचे मोठे होत असताना हवेतली आर्द्रता रात्रंदिवस ८५-९० टक्क्यांच्या वर राहिली, तर त्या रंध्रांना मिटण्याची सवयच लागत नाही. ती मोठी होतात आणि उघडीच राहतात. नॉर्वे आणि नेदरलँड्समधील ग्रीनहाऊसमध्ये गुलाबावर याचा बराच अभ्यास झाला आहे, आणि तिथे हिवाळ्यात बंद काचघरांत जे घडते ते आपल्याकडे पावसाळ्यात पडदे बंद असलेल्या पॉलिहाऊसमध्ये घडते. झाडावर असताना काही कळत नाही, कारण मुळे पाणी पुरवत असतात. दांडा कापला, दिवाणखान्यातल्या कोरड्या हवेत आला, की खर्च जास्त आणि आवक कमी. आधी पाने वाळतात, मग मान जाते. २५ जानेवारी ते १० फेब्रुवारीच्या तोडणीतले दांडे डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत वाढलेले असतात. ते टिकतात यात नवल नाही.

त्याच दमट हवेचा दुसरा फटका कॅल्शियमला बसतो. बाष्पीभवन मंदावले की मुळांकडून येणारा प्रवाह मंदावतो, आणि जरबेराच्या उत्तरात लिहिल्याप्रमाणे कॅल्शियम त्या प्रवाहाबरोबरच येते. कमी कॅल्शियमच्या पाकळ्यांवर बोट्रायटिस ही बुरशी लवकर शिरते. बॉक्समध्ये पाकळीच्या कडेला तपकिरी ठिपके दिसतात ते हेच.

खात्री करून घ्यायची असेल तर साधी चाचणी आहे. एकाच वाणाची, एकाच उंचीवरची, पूर्ण वाढलेली दहा पाने पॉलिहाऊसच्या कोंदट मध्यभागातून घ्या आणि दहा पाने पडद्याजवळच्या हवेशीर ओळीतून. देठ थोडा वेळ पाण्यात ठेवा, मग पाने पुसून कोरडी करा, दोन्ही गट सोनारी काट्यावर तोला आणि कागदावर सावलीत पसरा. दर अर्ध्या तासाने वजन घ्या. ज्यांची रंध्रे चांगली आहेत त्या पानांचे वजन सुरुवातीला थोडे घटते आणि मग घट मंदावते. दुसऱ्या गटाचे वजन त्याच वेगाने घसरत राहते आणि पान हातात चुरडते. तुमच्याकडे कुठली ओळ बिघडली आहे ते यावरून कळेल.

उपाय म्हणजे हवा कोरडी करणे. पावसाळ्यात फॉगरची (धुक्यासारखे पाणी उडवणाऱ्या यंत्रणेची) गरज नसते, तरी टायमर उन्हाळ्यातलाच राहिलेला अनेक ठिकाणी आढळतो. तो आधी बंद करा. वरची खिडकी पावसातही बंद करू नका. बाजूचे पडदे वाऱ्याच्या विरुद्ध बाजूचे उघडे ठेवा, आणि पावसाने उघडीप दिली की चारही बाजूंचे. रात्रभर आर्द्रता खाली आणणे जमणार नाही, हे आम्हालाही माहीत आहे. दिवसातून काही तास जरी हवा चांगली कोरडी झाली, तरी रंध्रांवर चांगला परिणाम होतो. त्यामुळे दुपारच्या उघडिपीचे तास वाया घालवू नका. हवा फिरवणारे पंखे असतील तर ते याच वेळी चालवा. ड्रीप सकाळीच उरका. संध्याकाळी बेड ओले ठेवले की रात्रभर आतली हवा भिजलेली राहते. फवारणीही अशीच, ऊन कलायच्या आत पाने कोरडी झाली पाहिजेत.

कॅल्शियम फवारणी गुलाबाला जरबेरापेक्षा सोपी जाते, कारण कळी वर उघडी असते. कळी वाटाण्याएवढी झाली की कॅल्शियम नायट्रेट ५ ग्रॅम किंवा कॅल्शियम क्लोराइड ३ ग्रॅम प्रति लिटर, थेट कळी आणि तिच्याखालच्या मानेवर. पाच-सहा दिवसांनी दुसरी. कळीला रंग दिसू लागला की थांबा. लाल गुलाबावर वाळलेल्या क्षाराचा डाग राहिला तर तो माल पहिल्या प्रतीत जात नाही. गळालेल्या पाकळ्या आणि छाटलेले शेंडे रोज बाहेर काढा, बोट्रायटिसचे बीज तिथेच तयार होते.

ढगाळ दिवसांत उजेड कमी, म्हणून साखर कमी. अशा वेळी उन्हाळ्याइतके नत्र दिले तर लांब पण पोकळ दांडा हाताळतो आहोत असे वाटते. नत्र कमी करा आणि तोडणीही थोडी उशिरा करा. कडक उन्हाळ्यात लाल गुलाब घट्ट कळीत चालतो. पावसाळ्यात बाहेरच्या दोन पाकळ्या सुटू लागल्याशिवाय तोडू नका. पिवळे वाण किंचित आधी, पांढरे किंचित नंतर. साखर कमी असलेली घट्ट कळी पुढे उमलतच नाही, तशीच मान खाली घालते. दुपारी उशिरा तोडलेल्या गुलाबात दिवसभराची साखर साठलेली असते हे खरे, पण तापलेले फूल पाण्याविना दहा मिनिटे जरी राहिले तर तो फायदा गेला. बादली ओळीतच सोबत असेल तर सायंकाळची तोडणी करा, नाहीतर पहाटेची बरी.

प्रश्न : द्राक्षासाठी आणलेले जीए (जिबरेलिक ॲसिड हे संजीवक) शिल्लक आहे. ग्लॅडिओलस आणि गुलछडीवर मारले तर फुले जास्त टिकतात का? प्रमाण काय? — द्राक्ष व फूल उत्पादक, दिंडोरी (जि. नाशिक)

उत्तर : टिकतात, पण जीए थेट टिकाऊपणा देत नाही. ग्लॅडिओलसमध्ये त्याने दांडा लांबतो, फुलांची संख्या वाढते, पाने जास्त काळ हिरवी राहतात. अशा सशक्त दांड्यावरची वरची फुलेही फुलदाणीत उमलतात, म्हणून दांडा जास्त दिवस चालतो. लावणीपूर्वी कंद १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १०० भाग) द्रावणात भिजवतात, किंवा झाड चार आणि सहा पानांवर असताना त्याच प्रमाणात फवारतात. गुलछडीला लावणीनंतर साधारण ४० आणि ६० दिवसांनी १०० पीपीएम पुरे. दांडा बाहेर पडल्यावर मारलेल्या जीएने मान ताणली जाते आणि बारीक होते, म्हणून उशिरा मारू नका. ज्या जरबेरा किंवा गुलाबाची मान आधीच नाजूक आहे त्यावर तर अजिबात नको. लिलियम आणि अल्स्ट्रोमेरियात पाने पिवळी पडून दांडा नाकारला जातो, तिथे मात्र जीए खरोखर कामाचे आहे.

प्रमाणात घोळ होतो तो इथे. ४० टक्के दाणेदार जीए असेल तर १० लिटरला २.५ ग्रॅम घेतल्यावर १०० पीपीएम होते. ९० टक्क्यांची भुकटी असेल तर १.१ ग्रॅम. बाजारात ०.००१ टक्के तीव्रतेच्या बाटल्याही मिळतात. ती अख्खी बाटली पाणी न घालता फवारली तरी १० पीपीएमच होते, तिच्यापासून १०० पीपीएम करताच येत नाही. लेबलवरची टक्केवारी वाचल्याशिवाय दुसऱ्याच्या तोंडची मात्रा घेऊ नका. भुकटी पाण्यात नीट विरघळत नाही, ती आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवा, हे द्राक्षवाल्यांना सांगायला नको. पाण्याचा सामू ७ च्या खाली आणा. अल्कधर्मी पाण्यात जीए विघटित होते, त्यामुळे द्रावण करून रात्रभर ठेवण्यात अर्थ नाही.

ग्लॅडिओलस खालच्या एक-दोन फुलांनी रंग दाखवताच काढा, झाडावर किमान चार पाने राखा. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड १ पीपीएमच्या आसपास किंवा वर असेल तर बादलीत ते पाणी वापरू नका, पाकळ्यांच्या कडा भाजतात. जरबेरालाही हेच लागू आहे.

प्रश्न : ॲस्पिरिनच्या गोळ्या विरघळवून झाडावर फवारल्या तर? — शेवंती उत्पादक, पुरंदर

उत्तर : गोळीत असेटाइल सॅलिसिलिक आम्ल आणि बरोबर स्टार्चसारखे भरण असते. त्याने नोझल चोंदते. झाडाला हवे ते सॅलिसिलिक आम्ल, तेच शुद्ध स्वरूपात घ्या. १० लिटरला १ ग्रॅम, म्हणजे १०० पीपीएम. थंड पाण्यात ते तरंगत राहते, म्हणून आधी २०-३० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवून ढवळत पाण्यात ओता. कळी दिसू लागताना एक आणि दहा दिवसांनी दुसरी फवारणी. फुलाला लवकर कोमेजवणाऱ्या इथिलीन वायूची फुलातील निर्मिती आणि पेशींची झीज त्याने मंदावते. मात्रा दुप्पट-तिप्पट केली तर पानांच्या कडा भाजतात. परिणाम वाण आणि हवामानानुसार बराच बदलतो. कॅल्शियमइतका भरवसा आम्ही त्यावर ठेवणार नाही.

प्रश्न : ‘फुले गणेश’ ॲस्टर आणि शेवंती करतो. काढणीआधी खत बंद करून पाण्याचा ताण द्यावा, म्हणजे फुले कणखर होतात, असे ऐकले. कधीपासून बंद करावे? — फूल उत्पादक, बारामती

उत्तर : यातले अर्धे बरोबर आहे. नत्र बंद करा, ताण देऊ नका.

जास्त नत्राने पेशी मोठ्या, भिंती पातळ आणि ऊती पाणीदार होतात. त्यात युरिया किंवा अमोनियम रूपातले नत्र असेल तर परिणाम आणखी वाईट. १९:१९:१९ चे आकडे सारखे दिसतात म्हणून ते ‘संतुलित’ समजून शेवटपर्यंत चालू ठेवतात. त्यातले बरेच नत्र युरिया-अमोनियमचे असते. ॲस्टर किंवा शेवंतीचा ज्या लावणीतला माल एकाच वेळी कापायचा आहे, तिथे कळ्या रंग दाखवू लागल्या की नत्र थांबवा, म्हणजे काढणीपूर्वी साधारण दोन-तीन आठवडे. पालाश चालू ठेवा, त्यासाठी ०:०:५० योग्य. त्याहून आधी मात्र थांबवू नका. शेवंतीचे फूल स्वतः खूप टिकते, फुलदाणीत आधी पिवळी पडतात ती खालची पाने. नत्र लवकर तोडले तर ती पिवळी पडण्याची सुरुवात शेतातच होते आणि ग्राहक टवटवीत फूल असलेला दांडा फेकून देतो. ॲस्टरला कळ्या लागल्यावर युरियाचा ‘शेवटचा हात’ देण्याची सवय मात्र सोडाच.

जरबेरा, गुलाब, कार्नेशन यांना हा नियम लावता येत नाही, कारण तिथे रोजच तोडणी असते आणि ‘काढणीपूर्वीचे तीन आठवडे’ असा काळच नसतो. तिथे वर्षभराचे नत्र-पालाश प्रमाणच सांभाळावे लागते.

ताणाची कल्पना डाळिंबाच्या बहारावरून आलेली दिसते. तिथे उद्देश वेगळा, झाडाला एकाच वेळी फुलवण्याचा. फुलाचा दांडा तहानलेला कापला तर त्याच्या नळ्यांमध्ये हवा शिरते आणि नंतर पाणी चढायला अडथळा होतो. काढणीच्या आदल्या दिवशी सकाळी हलके पाणी द्या आणि पहाटे पेशी भरलेल्या असताना कापा.

प्रश्न : कार्नेशनच्या कळ्यांचे पेले (पाकळ्या धरून ठेवणारा हिरवा भाग) फाटतात आणि चांगली फुलेही दुसऱ्या दिवशी मिटून झोपल्यासारखी होतात. दोन्हींवर एकच फवारणी आहे का? — कार्नेशन उत्पादक, पाचगणी

उत्तर : नाही, ही दोन दुखणी वेगळी आहेत. पेला फाटण्यामागे दिवस-रात्रीच्या तापमानातला मोठा फरक आणि बोरॉनची कमतरता असते. थंडीत संध्याकाळी पडदे वेळेवर सोडा. माती-पानांचे परीक्षण करून बोरॉन कमी निघाले तरच बोरॅक्स १ ग्रॅम प्रति लिटर फवारा. बोरॉनची गरज आणि विषबाधा यांत अंतर फार थोडे आहे, अंदाजाने देऊ नका. वाणच पेला फुटणारा असेल तर फुगत्या कळीवर रबरबँड चढवणे हा जुना उपाय आजही चालतो.

फुले मिटणे हे इथिलीनचे काम. कार्नेशनला १ पीपीएमपेक्षा कमी इथिलीन काही तास लागले तरी पाकळ्या आत वळतात. पॉलिहाऊसशेजारी डिझेल इंजिन चालते का, आत कुजणारी पाने-फुले साठतात का, पॅकिंगच्या खोलीत केळी, आंबे किंवा टोमॅटो ठेवतात का, ते पाहा. झाडावरची कोणतीही फवारणी याला पुरी पडत नाही. तोडणीनंतर इथिलीनचा परिणाम रोखणाऱ्या सिल्व्हर थायोसल्फेटची प्रक्रिया द्यावी लागते, आणि त्यात चांदी असल्याने उरलेले द्रावण शेतात किंवा गटारात ओतता येत नाही.

प्रश्न : गच्चीवर कुंडीत दहा-बारा गुलाब आहेत. घरातल्या फुलदाणीसाठी काय करावे? — ठाणे

उत्तर : फार काही नाही. कुंडीला रोज सहा तास ऊन, कळ्या आल्यावर शेणखत-युरिया बंद, महिन्यातून एकदा कुंडीत चिमूटभर कॅल्शियम नायट्रेट पाण्यात विरघळवून. आदल्या संध्याकाळी पाणी घाला, सकाळी उन्हाआधी कापा, हातात भांडे घेऊनच गच्चीवर जा.

प्रश्न : ‘व्हास लाईफ’, म्हणजे फुलदाणीतले आयुष्य, वाढवणारे म्हणून एक महागडे द्रव टॉनिक विक्रेत्याने दिले. फरक पडतो की नाही, हे कसे ओळखावे? — जरबेरा उत्पादक, सातारा

उत्तर : आधी लेबलवरचा हिशेब करा. द्रव कॅल्शियम १० टक्के आणि मात्रा २ मिली प्रति लिटर असेल, तर फवारणीच्या एका लिटरमध्ये कॅल्शियम साधारण ०.२ ग्रॅम पडते. ५ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेटमध्ये ते ०.९ ग्रॅमच्या वर असते. बाटलीत समुद्री शेवाळ, अमिनो आम्ले वगैरे आणखी काही असेल, पण कॅल्शियमसाठी पैसे देत असाल तर ही तुलना समोर असू द्या.

मग चाचणी घ्या. एकाच वाणाचे चार बेड निवडा, कडेचे नकोत. दोनवर टॉनिक, दोनवर त्याच दिवशी तेवढेच साधे पाणी. महिनाभर फवारणी झाल्यावर एकाच सकाळी, एकाच अवस्थेतले, प्रत्येक बेडवरून १० दांडे घ्या. कोण कुठले हे दांड्याला बांधलेल्या आकड्यावरूनच कळेल असे करा, आणि नोंदी घेणाऱ्याला आकड्याचा अर्थ सांगू नका. हे महत्त्वाचे आहे, कारण पैसे मोजलेल्या माणसाला फूल ताजेच दिसते. सर्व दांडे ४५ सेंटिमीटरला कापा. बाटल्या ब्लीचने धुऊन घ्या, एका बाटलीत एकच दांडा, सर्वांत एकाच नळाचे पाणी आणि त्यात काहीही न घालता. खोली सावलीची, पंखा नाही, ऊन नाही, फळांची टोपली नाही.

रोज एकाच वेळी तीन नोंदी घ्या : दांड्याचे वजन, मान किती झुकली, पाकळ्यांची टोके. चांगल्या दांड्याचे वजन पहिले काही दिवस वाढते, मग घसरू लागते. ज्या दिवशी ते सुरुवातीच्या वजनाच्या खाली जाते, तो दिवस लिहून ठेवा. डोळ्यांना मान झुकलेली दिसण्याआधी हा आकडा बोलतो. मान काटकोनात गेली की ते फूल संपले असे धरा. चाळीस दांड्यांच्या सरासरीत दोन्ही गटांत एक दिवसापेक्षा कमी फरक निघाला, तर तो फरक बेडमधला, उजेडातला, तोडणाऱ्याच्या हाताचाही असू शकतो. तीच चाचणी उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा घ्या. पावसाळ्यात एकही गट टिकला नाही, तर टॉनिकची बाटली बाजूला ठेवून मावळच्या गुलाबवाल्यांना दिलेले उत्तर वाचा आणि पडदे उघडा.